बाळाची वाढ कमी: प्रोटीनचा डबा की अ‍ॅस्पिरिनची गोळी?

आमच्या बीडकडं सोनोग्राफीत "बाळाचं वजन कमी भरतंय" असं कळलं, की सासूबाई आधी मेडिकलवरून प्रोटीनचा डबा आणतात. माया खरी असते. पण वाढ बऱ्याचदा खुंटते ती वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाला रक्त कमी पोचल्यानं, तिथं डब्याचं काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१६ मध्ये गरोदरपणात जादा प्रोटीनच्या पुरवण्या नकोत असंच सांगितलं. ऊसतोडीवरून अशक्त होऊन परतलेल्या लेकीला मात्र पोटभर भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी यांचा नक्की उपयोग होतो. अर्जिनिनच्या (प्रोटीनमधल्याच एका घटकाच्या) पुड्यांचा उपयोग होतो, याचा पुरावा तोकडाच आहे.

अ‍ॅस्पिरिनचं तसं नाही. मागच्या खेपेला बीपी वाढलं असेल, तर डॉक्टर कमी डोसची गोळी देतात. ती सोळाव्या आठवड्याआधी सुरू झाली तर बाळाची वाढ खुंटण्याचा धोका कमी होतो. सातव्या महिन्यात सुरू करून खुंटलेलं बाळ भरत नाही. म्हणून माझा कौल गोळीला, पण वेळेत आणि डॉक्टरांनी दिली तरच. पहिल्याच तपासणीला मागच्या बाळंतपणाची फाईल सोबत न्या. वाढ थांबलीच असेल, तर बाळाचा रक्तपुरवठा दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी चुकवू नका आणि बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.