भाताची अस्थिरता मोजताना: कडी-डेला व्हॅले की लॉगचा फरक?

जिल्हावार भात उत्पादनाची वाढ आणि अस्थिरता हा विषय प्रबंधाला घेतला, की वाढीवर फार डोकं खपवावं लागत नाही. चक्रवाढ दर सगळेच काढतात. घोडं अडतं ते अस्थिरतेपाशी. नुसता सीव्ही (सरासरीच्या तुलनेत प्रमाण विचलन किती, ते) ठेवून भागत नाही, कारण उत्पादन दरवर्षी निमूटपणे वाढत गेलं तरी तो त्याला अस्थिरच म्हणतो. मग उरतात दोन पर्याय: कडी आणि डेला व्हॅले यांचा १९७८ चा निर्देशांक, जो सीव्हीतून वाढ-घटीच्या कलाचा वाटा काढून टाकतो, किंवा लागोपाठच्या दोन वर्षांच्या उत्पादनाच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन त्याचं प्रमाण विचलन. कॉपॉकचा निर्देशांक या दुसऱ्याच घराण्यातला.

पहिल्याची मोठी सोय म्हणजे तो सगळ्यांना माहीत आहे. सीव्हीला (१ वजा आर स्क्वेअर) च्या वर्गमुळानं गुणायचं; आर स्क्वेअर म्हणजे कलरेषा आकड्यांना किती नेमकी बसते ते. तो ०.७५ आला तर सीव्ही थेट निम्मा होतो, म्हणजे वाढत्या मालिकेला न्याय मिळतो. एक्सेलमध्ये काम उरकतं, तोंडी परीक्षेत कुणी अडवत नाही आणि जुन्या अभ्यासांशी तुलनाही होते. कोकणात मात्र एकीकडे क्षेत्र घटतं, दुसरीकडे उत्पादकता वाढते. दोन्ही एकमेकांना खाऊन एकूण उत्पादन सपाट राहिलं, तर आर स्क्वेअर शून्याजवळ जातो आणि निर्देशांक जवळपास सीव्हीइतकाच येतो.

माझं मन त्यावरून उडालं ते भंडाऱ्यामुळे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. मालिका त्याआधीपासून घेतली, तर भंडाऱ्याचं धान एका वर्षात कोसळल्यासारखं दिसतं. कलरेषा या पायरीवरून तिरकी उतरते आणि तिचा आर स्क्वेअर वर चांगला येतो! जो आकडा हाती लागतो त्याचा पावसाशी संबंध किती, हे देव जाणे. दोन्ही जिल्हे पुन्हा जोडता येतात, पण मग जिल्हावार अभ्यासाला अर्थ काय? ठाण्यातून २०१४ मध्ये पालघर निघाला, तिथंही तेच. १९८१ चा सिंधुदुर्ग आणि १९८२ चा गडचिरोली आहेतच. आकडे इथं पुण्यात, कृषी आयुक्तालयातून मिळवले तरी नकाशा काही बदलत नाही.

लॉगच्या फरकात अशी सीमा ओलांडणारी एकच जोडी बिघडते. ती वगळायची, बाकीची मालिका शाबूत. एका स्रोतात धान आणि दुसऱ्यात तांदूळ असला (भरडाईत शंभर किलोचे साधारण ६७ धरतात), तर त्या जोडावरही हाच उपाय. २००९ च्या दुष्काळावर मालिका संपवली तर कडी-डेला व्हॅलेची कलरेषाच खाली वाकते. लॉगच्या फरकात एक उडी जास्त मोजली जाते, इतकंच.

यात खोट नाही असं नाही. उत्पादन १०० वरून ६० वर येऊन पुन्हा १०० झालं, तर तो एकच दुष्काळ दोनदा मोजला जातो, पडताना आणि सावरताना. आणि १०० नंतर ६०, पुन्हा ६०? तिथं एकच धक्का! मामा तलाव (मालगुजारांच्या काळातला सिंचनाचा तलाव) दुसऱ्या वर्षीही भरला नाही तर काय होतं हे साकोलीच्या शेतकऱ्याला विचारा. तो या हिशेबाला हसेल. मला हा दोष खटकतो, पण तो कुठं बसलाय ते निदान दिसतं.

तुमचा अभ्यास मावळ, मुळशी, भोरच्या भातापुरता, म्हणजे एकट्या पुणे जिल्ह्याचा असेल, तर खुशाल कडी-डेला व्हॅले घ्या. मार्गदर्शकांचा आग्रह असला तरी तोच घ्या, वाद घालू नका. पूर्व विदर्भ असेल तर मी लॉगचा फरक मुख्य तक्त्यात ठेवीन आणि दुसरा परिशिष्टात. फक्त वगळलेली जोडी कोणती आणि का, हे तक्त्याखालीच लिहा. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतील.