पान 14 नंतर थेट 17: इंग्लंडमध्ये शिडाची बोट घेताना आम्ही कसे फसलो

बोटीच्या पाहणी अहवालात पान 14 नंतर थेट पान 17 होतं. मधलं एक पान गायब होतं, त्याच्या दोन्ही बाजूंसकट. मी तो अहवाल दोनदा वाचला, तरी माझ्या लक्षात आलं नाही. पुढे आमच्यावर जे आलं त्यातलं बरंचसं त्याच पानावर लिहिलेलं होतं.

आम्ही रेडिंगला राहतो, इंग्लंडमध्ये सत्तावीस वर्षं झाली. ह्यांचं बालपण मालवणचं. आजोबांची होडी होती, शाळा सुटली की दप्तर ओटीवर टाकून हे थेट किनाऱ्यावर. आत दोन माणसं झोपतील, चहा-भात करता येईल अशी शिडाची बोट घ्यायची आणि उन्हाळाभर किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, हे मी लग्नाआधीपासून ऐकत आले. मे 2010 मध्ये कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. ती बोट गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली. त्या बातमीचं कात्रण आमच्या फ्रिजवर बारा वर्षं होतं. मुलांची शिक्षणं, घराचं कर्ज, सासूबाईंचं आजारपण, दरवर्षी काहीतरी निघायचं आणि बोट पुढच्या वर्षावर जायची.

नोव्हेंबर 2021 मध्ये ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. हॉस्पिटलच्या खुर्चीवर बसून मी ठरवलं की आता थांबायचं नाही. हे स्पष्ट सांगते, कारण घाई माझी होती. हे म्हणत होते, “घाई कित्या? बघूया जरा.” मीच ऐकलं नाही.

त्या वसंतात जुन्या बोटींना प्रचंड मागणी होती. कोविडमध्ये घरात कोंडलेल्या लोकांनी बोटी घ्यायचा सपाटा लावला होता. आज जाहिरात दिसली की परवा बोट गेलेली. साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीच्या काठी एका यार्डात 33 फुटांची, 1986 साली बांधलेली एक बोट आम्हाला दिसली. लाकडी आधारांवर उभी, दोन हिवाळे पाण्यात उतरलेली नव्हती. मागितलेली किंमत 23,500 पौंड.

विकणारा माणूस पासष्टीचा, अतिशय मृदू बोलणारा. त्याने केबिनमध्ये बसवून चहा दिला. ह्यांच्या ऑपरेशनचं मी सांगितलं, तसा तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आम्ही दोघंही दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणत राहिलो. 2019 ला माझी बायको गेली. तुम्ही तसं करू नका.” माझे डोळे भरून आले. त्या क्षणानंतर मी बोट पाहत नव्हते, त्या माणसाला पाहत होते. नकाशाच्या टेबलाच्या खणात एक निळी वही होती, बोटीची रोजनिशी. बारीक, सुबक, बाईचं अक्षर. कुठून कधी निघालो, वारा किती, भरती किती वाजता, सगळं टिपलेलं. मी मायेने पानं उलटली. तारखा बघितल्या नाहीत.

मग एकेक गोष्ट भराभर होत गेली. दलाल नको, त्याचं कमिशन दोघांचंही वाचेल. नवीन पाहणी कशाला करता, दोन वर्षांपूर्वी मी करून घेतलीय, हा घ्या अहवाल. इथली रीत अशी की दहा टक्के इसार द्यायचा, ‘पाहणीच्या अधीन’ असं करारात लिहायचं, आणि आपल्या सर्व्हेयरने बोट पास केल्यावरच बाकीचे पैसे. हे आम्हाला माहीत होतं. डे स्किपरचा, म्हणजे बोट चालवायचा कोर्स केला तेव्हा तिथे सांगितलंही होतं. पण शनिवारी दुसरा एक जण रोख पैसे घेऊन येतोय, असं त्याने फोनवर सांगितलं. गुरुवारी रात्री मी संपूर्ण रक्कम त्याच्या खात्यात भरली. पहिल्यांदा बोट पाहिल्याला तेव्हा चारच दिवस झाले होते.

मालकीचा पुरावा म्हणून त्याने एसएसआरचं, म्हणजे स्मॉल शिप्स रजिस्टरचं प्रमाणपत्र दिलं. सरकारी कागद, बोटीचं नाव, नंबर, त्याचं नाव. ही गोष्ट मला प्रत्येकाला सांगायची आहे: ब्रिटनमध्ये एसएसआरची नोंद मालकी सिद्ध करत नाही. बोट ब्रिटिश झेंड्याखाली परदेशी नेता यावी यासाठीची ती साधी, स्वस्त नोंद आहे. ती करताना मालकीची कागदपत्रं तपासली जात नाहीत. मालकीची खरी नोंद ब्रिटनच्या जहाज-नोंदवहीच्या ‘पार्ट वन’मध्ये, म्हणजे पहिल्या भागात होते. तिथे बोटीचे 64 हिस्से धरतात, कोणाचे किती ते लिहितात, बोटीवर कर्ज काढलं असेल तर तेही नोंदवता येतं, आणि फी भरून त्याचा उतारा कोणालाही मागवता येतो. बोट पार्ट वनमध्ये नसेल, आणि बऱ्याच जुन्या बोटी नसतात, तर कारखान्याच्या दाखल्यापासून आजपर्यंतची सगळी विक्रीखतं मागायची. मधला एक दुवा तुटला असेल तर तो का तुटला ते विचारायचं.

ठाण्याचा फ्लॅट घेताना आम्ही इंडेक्स टू पाहिला, सोसायटीची एनओसी घेतली, थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं, वकिलाकडून टायटल सर्च करून घेतला. तेच आम्ही दोघं इथे एका कागदावर आणि एका दुःखद गोष्टीवर विसंबलो.

पहिला धक्का विमा कंपनीने दिला. बोट इतकी जुनी, तेव्हा ताज्या पाहणीशिवाय विमा नाही. आम्ही स्वतः सर्व्हेयर बोलावला. त्याच्याकडे प्लास्टिकच्या तोंडाची छोटी हातोडी होती. गुडघ्यावर बसून तो डेकवर इंचाइंचाने ठोकत निघाला. बोटीच्या पुढच्या टोकापासून टक, टक, टक, कडक कोरडा आवाज. डोलकाठीच्या जवळ आला तसा आवाज बदलला. धप, धप. ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा. त्याने मान वर केली नाही, खडूने एक रेघ ओढली आणि पुढे ठोकत राहिला. त्याचं काम झालं तेव्हा डेकचा जवळजवळ तिसरा हिस्सा खडूच्या रेघेच्या आत होता. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं, ते पाणी शिरून कुजलं होतं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा डेकवर ज्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात, त्या पट्ट्यांच्या भोवतीच पाणी मुरलं होतं. ताराही कधीच्या बदलायला हव्या होत्या. चांगला वारा लागला असता तर डोलकाठी आमच्या डोक्यावर आली असती.

मी जुना अहवाल त्याच्या हातात दिला. यात तर डेक ठीक आहे म्हटलंय, मी म्हणाले. त्याने पानं चाळली आणि मला दाखवलं: 14, मग 17. त्याने मूळ सर्व्हेयरला फोन लावला. त्या गृहस्थांनी मजकूर सांगायला नकार दिला, कारण अहवाल ज्याने पैसे देऊन करून घेतला त्याचाच. एवढंच म्हणाले की माझा अहवाल 22 पानांचा होता. आमच्याकडे वीसच पानं होती. दुसऱ्याच्या पैशाने झालेल्या पाहणीचा आपल्याला फारसा उपयोग नसतो, हेही तेव्हाच समजलं. ती चुकली तरी तो सर्व्हेयर सहसा आपल्याला बांधील नसतो. स्वतःची पाहणी आम्हाला सहाशे पौंडांना पडली. खरेदीच्या आधी हेच पैसे खर्च केले असते तर बाकीचे सगळे वाचले असते.

दुसरा धक्का यार्डाचा. बोट पाण्यात उतरवायची म्हटल्यावर ऑफिसातल्या बाईंनी बिल पुढे ठेवलं. दोन हिवाळ्यांचं जागाभाडं, 2,860 पौंड. ते भरल्याशिवाय बोट हलणार नाही, आणि तोवर बोट अडवून ठेवायचा त्यांना हक्क होता. खरेदीच्या आधी त्याच ऑफिसात जाऊन “या बोटीवर काही बाकी आहे का?” एवढं विचारायला दोन मिनिटं लागली असती. ऑफिस बोटीपासून पन्नास पावलांवर होतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी फोन आला. एक बाई बोलत होत्या, शांत आवाजात. यार्डाने थकबाकीचं पत्र त्यांनाही पाठवलं होतं, कारण यार्डाच्या करारावर त्यांचं नाव होतं. “तुम्ही माझी बोट विकत घेतलीत असं मला कळलं,” त्या म्हणाल्या. 2011 चं विक्रीखत त्यांच्याकडे होतं, दोघांच्या नावाचं. त्या बोट विकणाऱ्या माणसाच्या पत्नी. वेगळ्या राहत होत्या, दुसऱ्या गावी. मी फोन ठेवला आणि निळी वही काढली. शेवटची नोंद ऑगस्ट 2020 ची होती, त्याच सुबक अक्षरात.

वकिलाने सांगितलं की ज्याचं जे नाही ते तो विकू शकत नाही. आम्ही पूर्ण पैसे देऊन अर्धी बोट घेतली होती. बँकेने आधी फसवणूक म्हणून अर्ज घेतला, मग कळवलं की हा विकणारा आणि घेणारा यांच्यातला दिवाणी वाद आहे, बोट खरी आहे आणि तुम्हाला मिळालीही आहे. त्या बाई आमच्याशी फार सरळ वागल्या. त्यांना बोट नको होती. 6,000 पौंड आणि ती वही, एवढ्यावर त्यांनी आपला हिस्सा आमच्या नावे लिहून दिला. त्यांच्या हिश्श्याची किंमत याच्या जवळजवळ दुप्पट होती. ह्यांनी वही द्यायच्या आधी त्यांना विचारून काही पानं उतरवून घेतली.

विकणाऱ्यावर आम्ही दावा लावला. इंग्लंडमध्ये दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, वकिलाशिवाय चालवता येतो, म्हणून तेवढाच मागितला. निकाल आमच्या बाजूने लागला. पण कोर्ट पैसे आपणहून वसूल करून देत नाही, त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि त्या माणसाच्या नावावर सापडेल असं काही उरलेलं नव्हतं. आजपर्यंत एक पेनीही मिळालेली नाही. डेक आणि तारा दुरुस्त करायला नऊ हजारांच्या वर गेले आणि दोन उन्हाळे गेले. पैशापेक्षा मला ते दोन उन्हाळे जास्त लागतात. स्वप्न पुढे ढकलायचं नाही म्हणून मी पंधरा दिवसांची तपासणी टाळली, आणि त्या घाईनेच ते दोन वर्षं पुढे गेलं.

परदेशात बोट बघत असलेले आपले बरेच लोक आता आहेत, निवृत्तीला आलेले, मुलं मोठी झालेली. अमेरिकेत असाल तर कोस्ट गार्डकडे नोंदलेल्या बोटीचा मालकीचा उतारा मिळतो, तो काढा. कुठेही असा, विकणाऱ्याला विचारा की या बोटीत आणखी कोणाचा पैसा आहे का, आणि उत्तर लिहून सही करून घ्या. पैसे त्याच्या खात्यात टाकू नका. दलालाच्या किंवा वकिलाच्या ग्राहक-खात्यात, म्हणजे ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात ठेवा, कागद हातात आल्यावर सुटू द्या. आणि कोणी “तुमच्यासाठी थांबतो, पण शनिवारपर्यंतच” म्हणालं, तर शनिवार जाऊ द्या. त्या वसंतात आम्ही दुसऱ्या तीन बोटी पाहिल्या होत्या. त्यातली एक ऑगस्टपर्यंत विकली गेली नव्हती.

मे 2024 मध्ये बोट पाण्यात उतरली. क्रेनच्या पट्ट्यांवर लोंबकळत ती खाली गेली तेव्हा ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठी बोटात रुतली. पहिल्या लांब फेरीला आम्ही वाइट बेटावरच्या यारमाउथला गेलो. उतरवून घेतलेल्या पानांत त्या बाईंनी लिहिलं होतं की सोलेंटमध्ये, म्हणजे हे बेट आणि मुख्य किनारा यांच्यामधल्या पाण्यात, ओहोटीचा ओघ पश्चिमेकडे असतो, यारमाउथला जायचं तर पाणी उतरायला लागल्यावर निघा, वारा नसला तरी प्रवाह नेतो. आम्ही सकाळी नांगर टाकून वाट पाहिली. पाणी फिरलं तसे निघालो.