साठीनंतर ताठरतेची गोळी: सिल्डेनाफिल की टॅडालाफिल?

दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या. इच्छा त्या आणत नाहीत. इच्छा असली तर लिंगाकडचा रक्तप्रवाह वाढवतात. त्यामुळे 'कोणती जोरदार' हे विचारण्यापेक्षा आपल्या दिनक्रमात कोणती बसते ते पाहावं.

सिल्डेनाफिल संबंधाच्या तासभर आधी घ्यायची, असर साधारण चार तास. पासष्टीनंतर डॉक्टर बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. तिची खरी अडचण जेवणाची. सणाच्या रात्री नऊला तुपात भिजलेल्या दोन पुरणपोळ्या झाल्या आणि त्यावर गोळी घेतली, की असर आणखी तासभर लांबतो, शिवाय कमी पडतो. तोवर अकरा वाजून जातात, बायकोचा डोळा लागलेला असतो. मग गोळी लागू पडत नाही असं समजून माणूस आपल्या मनानेच १०० वर जातो. डोकं ठणकतं, चेहरा तापतो, कधी नजरेला निळसर झाक येते. हलक्या जेवणावर आधीचाच डोस कदाचित पुरला असता.

टॅडालाफिलला जेवणाचं पथ्य नाही. हवी तेव्हा घेतली तर असर ३६ तासांपर्यंत राहतो, नाहीतर ५ मिलिग्रॅम रोज ठरल्या वेळी. घड्याळाकडे बघणं संपतं. मी स्वतः हीच निवडली ती एवढ्यासाठी. प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्रीतून तीनदा उठावं लागणाऱ्यांना त्याच रोजच्या गोळीने लघवीच्या तक्रारींतही आराम पडतो. काहींची मात्र दुसऱ्या दिवशी कंबर नि मांड्या दुखतात, आणि मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोजची गोळी देत नाहीत.

हृदयाचं दुखणं असेल तर माझं मत थोडं बदलतं. सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट, म्हणजे छातीतल्या कळेवरचं औषध, रोज किंवा कधीमधीही घेत असाल तर दोन्ही वर्ज्य, कारण रक्तदाब एकदम कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणून नायट्रेट घेत नसलेल्या, पण छातीत कळ येण्याची धास्ती असलेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने सिल्डेनाफिल बरी पडू शकेल. गोळी घेतल्याचं बायकोला माहीत असू द्या. इस्पितळात पहिला प्रश्न तिलाच विचारतील.

सदाशिव पेठेतल्या ओळखीच्या औषधवाल्याकडून चिठ्ठीशिवाय पट्टी आणण्याआधी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासून घ्या. ताठरता कमी होणं ही पुष्कळदा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची आधीची खूण असते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या: प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, कारण दोन्हींनी मिळून चक्कर येऊ शकते, आणि कधीमधी जिभेखाली ठेवायची गोळीसुद्धा.