डिसेंबरात स्कीइंग: गुलमर्ग की औली?

दादरहून डिसेंबरचं बुकिंग करायचं असेल, तर माझा कौल गुलमर्गला. गाव साधारण 2,650 मीटरवर, पण गोंडोला (केबल कार) अफरवत डोंगराच्या खांद्यावर 3,900 मीटरच्या पुढे नेतो. खाली गवत दिसत असतानाही वर बर्फ सापडू शकतो. उत्तराखंडातल्या औलीचे उतार 2,500 ते 3,050 मीटरमध्येच संपतात. शिकाऊंसाठी ते फार छान, पण फेब्रुवारीत जा.

तरी हमी कुठेच नाही. दोन्हीकडचा बर्फ पश्चिमी झंझावातांवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळांवर अवलंबून. ते रुसले आणि जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गही कोरडं राहिलं! महिनाभर आधीच्या अंदाजावर विसंबू नका. निघण्याआधीच्या पाच दिवसांचा हवामान खात्याचा अंदाज पाहा, आणि तिकीट बदलता येईल असंच काढा.