हेल्पडेस्कच्या नव्या पोरांसाठी घेतलेला ट्रेनिंग कोर्स, आठ महिन्यांनंतर

कोर्सचं नाव देणार नाही हे आधीच सांगते, कारण असले बहुतेक कोर्स एकाच साच्यातले असतात आणि मला एकाला झोडपायचं नाहीये. व्हिडिओ, मधेमधे क्विझ, शेवटी सर्टिफिकेट, सिलॅबस कॉम्पटिया ए प्लस ह्या आयटी सपोर्टच्या परीक्षेच्या अंगाने जाणारा. आमच्या टीममध्ये सहा नवीन जण आले, चौघं फ्रेशर, एक डेटा एंट्रीतून आलेला आणि एक आधी रिसेप्शनवर बसायची ती. त्यांना लेव्हल वनचे, म्हणजे युजरचे अगदी पहिले, कॉल घ्यायला तयार करायचं काम माझ्याकडे. सहा लायसन्स घेतली, आठ महिने झाले, आता रिन्यू करायचं का असं वरून विचारतायत, तर जे डोक्यात आहे ते सगळं इथेच लिहून टाकते.

आधी चांगलं. भाषा येते पोरांना. सिनियरने "लीज मिळालीये का बघ" (मशीनला नेटवर्ककडून आयपी अ‍ॅड्रेस मिळालाय का) म्हटलं तर कुणी तोंडाकडे बघत बसत नाही, डीएनएस (साइटच्या नावावरून अ‍ॅड्रेस शोधणारं) आणि डीएचसीपी (मशीनला अ‍ॅड्रेस देणारं) ह्यात गोंधळ होत नाही, रॅम आणि स्टोरेज वेगळं असतं हे युजरला न चिडता सांगता येतं. डेटा एंट्रीवाल्याने तर त्याच जोरावर ए प्लसचे दोन्ही पेपर काढले (प्रत्येकी 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, पासिंग 900 पैकी पहिल्याला 675 आणि दुसऱ्याला 700). ते सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, म्हणजे त्याला पुढे कुठेही उपयोग आहेच. तेवढ्यापुरता कोर्स पैसे वसूल.

आता बाकीचं. सगळ्यांनी व्हिडिओ पावणेदोनच्या स्पीडने बघितले, क्विझ चुकली की परत दिली, परत चुकली की परत दिली, तीन आठवड्यात सहाच्या सहा जणांचं शंभर टक्के कम्प्लीट. मी पण खूश. मग फोनवर बसवलं.

पहिल्याच दिवशी कॉल, "नेट चालत नाहीये". आमच्या फ्रेशरने डीएनएस फ्लश केलं (मशीनने साठवलेले अ‍ॅड्रेस पुसले), ब्राउझरची कॅश उडवली, मशीन रीस्टार्ट करायला लावलं, ते उठेपर्यंत युजरला होल्डवर ठेवलं, परत फ्लश केलं. पाऊण तास गेला. मी मागून बघतेय, स्क्रीनवर आयपी अ‍ॅड्रेस दिसतोय 169.254 ने सुरू होणारा. आता हे कोर्समध्ये होतं हो, क्विझमध्ये ह्याच पोराने बरोबर टिक केलं होतं की असा अ‍ॅड्रेस म्हणजे डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून मशीनने स्वतःच घेतलाय. पण तिथे चार ऑप्शन समोर होते आणि इथे वैतागलेला माणूस. शेवटी निघालं काय, तर त्या माणसाचं टेबल आदल्या दिवशी हलवलं होतं आणि केबल शेजारच्या पोर्टात खोचली होती, तो पोर्ट दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच ऑफिसातल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये. "कालपासून आजपर्यंत काय बदललं?" एवढं एक विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आणि गंमत म्हणजे ए प्लसच्या ट्रबलशूटिंगच्या सहा पायऱ्यांतली पहिलीच ही आहे, प्रॉब्लेम नीट ओळखा, युजरला विचारा, काय बदललं ते काढा. सगळ्यांना पाठ आहे. करत कुणी नाही.

मग मी लॅब लावली आणि खरं सांगायचं तर आठ महिन्यात जे काही शिकून झालं ते बरंचसं तिथे झालं. सोळा जीबीचा एक जुना लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन, म्हणजे ठरावीक दिवसांची ट्रायल, कॉपी, एक डोमेन (सगळ्यांची लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणारं नेटवर्क), एक क्लायंट मशीन. सगळं नीट चालू असताना स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाता येईल अशी प्रत) घेऊन ठेवायचा आणि रोज संध्याकाळी मी एक गोष्ट बिघडवून जायचे. कधी प्रिंट स्पूलर (प्रिंटरकडे कामं पाठवणारी सर्व्हिस) डिसेबल, कधी डीएनएस हाताने चुकीचा टाकलेला, कधी क्लायंटचं घड्याळ वीस मिनिटं मागे (पाच मिनिटांच्या वर फरक गेला की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनची लॉगिन तपासायची पद्धत, नाक मुरडतं, ह्यात दोघं जण अख्खी सकाळ अडकले होते). नियम एकच, कशालाही हात लावायच्या आधी काय दिसतंय ते कागदावर लिहायचं. पहिल्या आठवड्यात कागदावर यायचं "लॉगिन होत नाही". दुसऱ्या महिन्यात यायला लागलं "लॉगिन होत नाही, पासवर्ड बरोबर, दुसऱ्या युजरनेही होत नाही, पिंग जातंय". हा फरक मला कुठल्याही स्कोअरमध्ये दिसला नसता.

माझीही एक फजिती सांगते. इव्हॅल्युएशन 180 दिवसांचं असतं, मी तारीख लिहूनच ठेवली नव्हती. सहा महिने उलटले आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद व्हायला लागला. पोरांना वाटलं ताईंनी आज भारी काहीतरी बिघडवलंय, दोन तास लॉग चाळत बसली बिचारी. मुदत रीआर्मच्या कमांडने वाढवता येते, पण ते आधी बघायचं असतं ना.

रिसेप्शनवरून आलेली ती सगळ्यांच्या पुढे गेली, आणि कोर्समध्ये तिचे मार्क सगळ्यात कमी होते. एका मॅडमचं अकाउंट सारखं लॉक होत होतं, आदल्या दिवशी दोघांनी मिळून पाच वेळा अनलॉक करून दिलं होतं आणि पाचही तिकिटांवर (तक्रारीच्या नोंदींवर) नोट एकच, "अनलॉक केले, इश्यू रिझॉल्व्ह". सहाव्यांदा कॉल हिच्याकडे आला. हिने अनलॉक करायच्या आधी विचारलं, "मॅडम, पासवर्ड कधी बदललात? आणि अजून कुठे लॉगिन करून ठेवलंय का?" मॅडम म्हणाल्या नाही हो, फक्त माझा लॅपटॉप. हिने माझ्याकडून डोमेन कंट्रोलरवर (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) इव्हेंट 4740, म्हणजे लॉकआउटची नोंद, काढून घेतला, त्यात लॉकआउट कुठल्या मशीनवरून होतोय त्याचं नाव येतं, तर नाव निघालं मीटिंग रूमच्या पीसीचं. तिथे मॅडमचं आठवड्यापूर्वीचं सेशन जुन्या पासवर्डसकट तसंच लटकत होतं. साइन आउट केलं, विषय संपला. नोटमध्ये तिने मशीनचं नाव, वेळ, कारण सगळं लिहिलं.

सिक्युरिटीचा चॅप्टर व्हिडिओमध्ये छान आहे, सोशल इंजिनिअरिंगवर सगळ्यांना पैकीच्या पैकी. तिसऱ्या महिन्यात मी दुसऱ्या डिपार्टमेंटमधल्या एकाला परवानगी काढून मोठ्या साहेबाच्या नावाने सगळ्यांना फोन करायला लावला, आवाजात घाई, "मी मीटिंगमध्ये उभा आहे, पटकन पासवर्ड रिसेट कर रे". सहापैकी चौघांनी करून दिला. नियम सगळ्यांना माहीत होता, पण मोठा साहेब चिडेल ह्याची भीती जास्त. आता पद्धत अशी की फोन ठेवायचा आणि डिरेक्टरीतल्या नंबरवर आपण परत फोन करायचा, कुणीही असो, आणि साहेब चिडले तर ते माझ्या अंगावर. हे शेवटचं वाक्य तोंडाने सांगावं लागलं, त्यानंतर फरक पडला.

आणि बोलण्याचं तर कोर्समध्ये जवळपास काहीच नाही. बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) रिकव्हरी की 48 आकडी असते. ती फोनवर घाबरलेल्या माणसाला सांगायची तर सहा-सहा आकड्यांचे आठ तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं, त्याच्याकडून परत वाचून घ्यायचं. आमच्या एकाने सलग अठ्ठेचाळीस म्हणून टाकले होते!

तर रिन्यूचं उत्तर असं की सहा नाही, दोन लायसन्स पुरे, ज्यांना परीक्षा द्यायचीय त्यांच्यासाठी. पुढच्या महिन्यात अजून चौघं येतायत, त्यांना आधी आठवडाभर हेडफोन लावून नुसते कॉल ऐकायला बसवणार, मग लॅब, व्हिडिओ जमेल तसे. सर्व्हरच्या मुदतीचा रिमाइंडर ह्यावेळी दोन ठिकाणी लावलाय.