मंगळावरचे चेहरे तपासायला हायराइजचं दालन: कुठे कामाचं, कुठे अडतं

मंगळावर चेहरा, भिंत, पिरॅमिड दिसल्याचं चित्र समोर आलं की ते खरंच तसं आहे की सावलीचा खेळ, हे घरबसल्या आणि फुकट तपासता येतं. ॲरिझोना विद्यापीठाचं हायराइज या कॅमेऱ्याच्या प्रतिमांचं ऑनलाइन दालन आणि त्या प्रतिमा उघडायचं हायव्ह्यू हे सॉफ्टवेअर त्यासाठी सगळ्यात भरवशाचं. मात्र दालनाच्या दर्शनी भागातली चित्रं बघून निकाल देऊ नये. घोळ तिथेच होतो.

ताकद आधी. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचा हा कॅमेरा सुमारे ३०० किलोमीटरवरून पिक्सेलला २५ ते ३० सेंटिमीटर इतकं बारीक टिपतो. २५ जुलै १९७६ रोजी नासाच्या व्हायकिंग १ यानाने मंगळावरच्या सायडोनिया या भागातला तो प्रसिद्ध ‘चेहरा’ टिपला, तेव्हा पिक्सेल होता जवळपास ५० मीटरचा. म्हणजे दोनेक किलोमीटरची अख्खी टेकडी चाळीस पिक्सेलांत, आणि डोळ्याच्या वाट्याला जेमतेम चार-पाच. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर, त्यामुळे अर्धी बाजू काळोखात. शिवाय चित्र पृथ्वीकडे पाठवताना गळालेल्या माहितीचे काळे ठिपके, आणि त्यातला एक नेमका नाकपुडीच्या जागी! तीच टेकडी दालनात पीएसपी_००३२३४_२२१० या क्रमांकाखाली उघडा. झिजलेला माथा, उतारावर घसरलेला राडा, बाकी काही नाही.

हा क्रमांक वाचता आला की शोध सोपा होतो. मधले सहा अंक कक्षेचे. शेवटच्या चार अंकांतून नेहमीच्या प्रतिमांसाठी १८०० वजा करायचे आणि दहाने भागायचं: २२१० म्हणजे ४१ अंश उत्तर, १३८० म्हणजे ४२ अंश दक्षिण. ‘चेहऱ्या’सोबत दिलेलं ठिकाण याच्याशी जुळत नसेल तर तिथेच थांबावं.

प्रतिमेच्या पानावर तीन गोष्टी आधी बघा. पहिली, पिक्सेलचं माप आणि बिनिंग, म्हणजे शेजारचे पिक्सेल एकत्र करून एकच धरणं. २×२ असेल तर बारकावा निम्म्यावर येतो. वस्तू ओळखू यायला किमान तीन पिक्सेल लागतात, त्यामुळे २५ सेंटिमीटरच्या प्रतिमेतही पाऊण मीटरहून लहान काही असल्याचा दावा मानू नका. दुसरी, सूर्याची उंची. २० अंशांवर सावली उंचीच्या पावणेतीनपट पडते, १० अंशांवर साडेपाचपटीहून जास्त. साधा उंचवटाही मग भुवईसारखा दिसतो. तिसरी, रंग. ‘आयआरबी’ अशी खूण असलेल्या रंगीत चित्रात डोळ्याला न दिसणारं अवरक्त मिसळलेलं असतं, तिथली निळाई म्हणजे पाणी नव्हे.

मग वॉलपेपर आणि छोटे जेपीईजी सोडून नकाशा-प्रक्षेपित (म्हणजे नकाशावर बसवलेली) जेपी२ (जेपीईजी २००० प्रकारची) फाइल उतरवा. फाइल शेकडो एमबीची असते, साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये बहुधा उघडत नाही. हायव्ह्यू नाहीतर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा. जेपीईजी मोठं करत गेलं की ८×८ पिक्सेलांचे चौकोन उघडे पडतात. ‘सरळ भिंती’ आणि ‘काटकोनी इमारती’ बऱ्याचदा याच चौकोनांतून उभ्या राहतात. जेपी२ एकास एक मापावर आणा, काळ्या-पांढऱ्याची मर्यादा हाताने सैल करा, म्हणजे सावलीत दडलेला तपशील वर येतो. नकाशा-प्रक्षेपित प्रतिमेत उत्तर वर आणि ऊन साधारण डावीकडून असतं. आपला मेंदू ऊन वरून धरून चालतो, म्हणून विवरं टेकड्यांसारखी भासतात. चित्र घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवलं की खोलगट काय, उंच काय ते नीट कळतं.

या सगळ्यातूनही काही आकार टिकतात, आणि ते साहजिक आहे. डिसेंबर २०२२ मधलं ‘अस्वल’ (ईएसपी_०७६७६९_१३८०) कितीही मोठं करा, अस्वलच राहतं. दोन विवरांचे डोळे, व्ही आकारात खचलेल्या टेकडीचं नाक, भोवती गोल भेग. रचना खरी आहे, अस्वल आपण जोडलेलं. सायडोनियाचा चेहरा उन्हाने घडवला होता, म्हणून तो बारकाव्यात विरला. हा फरक दुसरं कुठलंही साधन इतक्या स्वच्छपणे दाखवत नाही.

आता उणिवा. ग्रहाचा जेमतेम काही टक्के भाग टिपलेला आहे, तेव्हा हवी ती जागा मिळेलच असं नाही; मग त्याच यानावरच्या कॉन्टेक्स्ट कॅमेऱ्याच्या सहा मीटर पिक्सेलवर भागवावं लागतं. यानाची कक्षा अशी, की चित्रं कायम तिथल्या दुपारी तीनच्या आसपासची. सकाळच्या उलट्या उन्हात तीच जागा बघायची तर मार्स एक्सप्रेस या युरोपीय यानाच्या प्रतिमा धुंडाळाव्या लागतात, आणि त्या खूप ढोबळ असतात. शोधपानही नवख्याला गोंधळात पाडतं.

मंगळाच्या जमिनीवर फिरणाऱ्या रोव्हरच्या फोटोंसाठी मात्र हे दालन बिनकामाचं. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरच्या चित्रातला गाजलेला ‘दरवाजा’ जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीची फट होती, म्हणजे इथला एक पिक्सेल. त्यासाठी रोव्हरच्या मूळ प्रतिमा काढून डाव्या-उजव्या कॅमेऱ्याच्या जोडीवरून अंतर आणि आकार मोजावा.