घात ओळखणारा की अपघात टाळणारा?

जागा एकच आहे, सीनिअर इंजिनिअरची, आणि शेवटच्या फेरीत दोघं उरलेत. पहिल्याची आठ-दहा वर्षं सिक्युरिटीतच गेली: पेनिट्रेशन टेस्टिंग (परवानगीने सिस्टिममध्ये घुसून तिच्या भेगा शोधणं), मालवेअरची म्हणजे घातक सॉफ्टवेअरची चिरफाड, वर ओएससीपी हे घुसखोरीच्या कौशल्याचं सर्टिफिकेट. दुसऱ्याने तेवढीच वर्षं मोठ्या सिस्टिम्स उभ्या केल्या, अपरात्री उठून त्या सावरल्या. सिक्युरिटी त्याला कामापुरती येते. कंपनी सिक्युरिटी प्रॉडक्ट बनवणारी, म्हणून पॅनेलचा कौल बहुधा पहिल्याकडे झुकतो. माझा झुकत नाही.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स बंद पाडली, हा मायक्रोसॉफ्टचा अंदाज. हल्ला कुणीच केला नव्हता. कोडला माहितीची 21 फील्ड्स वाचायची होती आणि त्याच्या हाती 20च आली. एकविसावं शोधताना तो मेमरीच्या हद्दीबाहेर गेला, आणि हे सगळं कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालत असल्याने अख्खं मशीनच कोसळलं. अपडेट टप्प्याटप्प्याने सोडलं असतं तर नुकसान थोडक्यात आटोपलं असतं. हल्लेखोर ओळखण्यात ती कंपनी कच्ची होती असं कुणी म्हणणार नाही. राहून गेली ती इनपुटची तपासणी आणि सावध रोलआउट, म्हणजे दुसऱ्या उमेदवाराचं रोजचं काम. शिवाय असं प्रॉडक्ट ग्राहकाच्या मशीनवर सर्वांत वरच्या अधिकारांनी चालतं. तिथे साधा बगही साधा राहत नाही.

तरी पहिल्याला हलक्यात घेऊ नका. 2014 मध्ये उघडकीला आलेला हार्टब्लीड हा बग घ्या. मोजके बाइट्स पाठवायचे आणि लांबी मात्र 64 किलोबाइट्सच्या आसपास सांगायची. ओपनएसएसएल, म्हणजे वेबवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या मेमरीतला मजकूर परत पाठवून द्यायचं. इथे काहीच बिघडत नाही, काहीच क्रॅश होत नाही, नेहमीच्या टेस्ट्सही पास होतात. समोरचा जाणूनबुजून खोटं बोलू शकतो, हे कुणाच्या तरी डोक्यात आधी यावं लागतं. डिस्क भरेल, नेटवर्क तुटेल, हे दुसरा झोपेतही सांगेल. तो अपघाताचा विचार करतो, पहिला घाताचा.

माझ्या मते हा संशयीपणा चांगल्या इंजिनिअरला जाणकाराच्या शेजारी बसून वर्षभरात येऊ शकतो. उलट, लाखो मशीन्सवर चालणारं सॉफ्टवेअर सांभाळण्याची शिस्त त्याहून सावकाश मुरते. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल्स आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा) पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर, सिक्युरिटी संशोधक नव्हेत. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांनी सोडून दिलं नाही, एवढंच. (मुलाखतीत असली चिकाटी कशी मोजायची, हे मात्र मला अजून नीटसं जमलेलं नाही.)

सर्टिफिकेटवर फार अडू नका. ओएससीपीची जवळपास 24 तासांची प्रात्यक्षिक परीक्षा कस पाहते खरी, पण आत शिरण्याचा. लिहिलेला कोड पाच वर्षांनी दुसऱ्याला कळेल का, याचा नाही.

कोडी घालण्यापेक्षा दोघांना बाहेरून आलेली फाइल वाचणारा दोनशे ओळींचा कोड द्या. पहिला भोकं शोधेल. त्याला विचारा, हे दुरुस्त करून दहा लाख मशीन्सवर कसं पाठवशील, आणि चुकलं तर मागे कसं घेशील? 'ते ऑपरेशन्सवाले बघतील' असं उत्तर आलं तर सीनिअर म्हणून घेऊ नका. दुसऱ्याला विचारा, इथे खोटं बोलून कुणाचा फायदा होईल? उत्तर अर्धवट आलं तरी चालेल, पण प्रश्नाने त्याचे डोळे चमकले पाहिजेत.

प्रॉडक्टचा गाभा क्रिप्टोग्राफी किंवा मालवेअर ओळखणारं इंजिन असेल आणि टीममध्ये त्यातला जाणकार एकही नसेल, तर निमूट पहिल्याला घ्या; दुसऱ्याला शिकवणार तरी कोण? पण तीन-चार संशोधक आधीच असतील आणि त्यांचे प्रोटोटाइप महिनोन्‌महिने प्रॉडक्शनच्या दाराशी पडून असतील, तर आणखी एक संशोधक आणून ती रांग तेवढी लांबेल.